सांजच्या मजुराचा रोज



आमच्या पांढरकवड्याकडे अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवीत नाहीत. तासातासाचे पहारे लावलेले असतात, त्यांची यादी देवळाच्या भिंतीवर लागते, आणि ज्याच्या गळ्यात त्या घटकेला वीणा असेल त्याच्या पायांवर डोके ठेवूनच माणूस आत येऊन बसतो. तो कोण, कुठल्या जातीचा, काल काय करीत होता, हे कोणी विचारीत नाही. निदान विचारू नये अशी रीत आहे.

मागल्या वर्षीच्या सप्ताहात ही रीत आम्हांला जड गेली. तिसऱ्या रात्रीचा बारा ते एकचा पहारा एका नव्या माळकऱ्याला दिलेला होता. ह्या गृहस्थाचे चरित्र गावाला पाठ. उमेदीची सगळी वर्षे दारूत आणि मटक्यात गेली. बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक विकले, वाट्याचे वावर विकले, वाट्याचे नव्हते तेही अडकवले. साठी उलटल्यावर कसे कोण जाणे, दारू सुटली. पंढरीला जाऊन माळ घालून आला. त्याला अजून वर्ष व्हायचे होते.

आमच्यातले एक म्हातारे वारकरी त्या वेळी दाराशी आले आणि थबकले. त्यांची कार्तिकी चाळीस वर्षांत चुकलेली नाही. (आषाढीला आमच्याकडे पेरणीची गडबड आणि कार्तिकीला कापूस फुटू लागलेला. पांडुरंगाने दोन्ही वाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याची परीक्षा पाहण्यासाठीच नेमल्या असाव्यात.) त्यांनी मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "महाराज, एक सांगा मले. चाळीस वर्सं चाललो मी. कंबर गेली, गुडघे गेले. अन् ह्याले माळ घालून वरीस नाही झालं. तरी म्या ह्याच्या पाया पडाव? मंग माह्या चाळीस वर्साचं काय झालं?"

मी कीर्तन करणारा माणूस. उत्तर जिभेवरच असते. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ सांगितला. मरणसमयी पोराला हाक मारली, ते नाव नारायणाचे निघाले आणि यमदूत परत गेले. म्हाताऱ्याने ऐकून घेतले. म्हणाला, "अजामिळ आपल्या गावचा नव्हता महाराज." मग आत गेला, रीतीप्रमाणे वाकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

खरी अडचण ती हीच. पुराणातला पापी तरला की डोळ्यांत पाणी येते. शेजारचा पापी तरला की पोटात दुखते.

त्यानंतर काही दिवसांनी मला ह्या प्रश्नाचे एक वेगळे रूप भेटले, आणि ते जिथून येईल असे वाटले नव्हते तिथून आले. पांढरकवड्याजवळ उमरी आहे. तिथला मिशनचा दवाखाना आमच्या भागातल्या जुन्या माणसांना चांगला ठाऊक. दवाखान्यातच उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती सिस्टरबाई आमच्या ओळखीच्या आहेत. घरात बाळंतपणे त्यांनी केली, त्यामुळे नाते मानलेले. त्यांच्याकडे बोलता बोलता मी म्हाताऱ्याचा प्रश्न काढला. त्या हसल्या. म्हणाल्या, "महाराज, हा तर आमच्या शास्त्रातला प्रश्न आहे. मत्तयाचा विसावा अध्याय." आणि त्यांनी गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मी आपल्या वावरातली करून सांगतो, कारण तिथेच ती नीट कळते. येशूने ती द्राक्षमळ्याची म्हणून सांगितली आहे. एक मालक पहाटे मजुरांच्या अड्ड्यावर गेला, दिवसाचा रोज ठरवला आणि काही माणसे कामाला लावली. थोडा दिवस वर आल्यावर पुन्हा गेला, आणखी माणसे आणली. दुपारी आणली, तिसऱ्या प्रहरी आणली. शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असता पाहतो तो काही जण अजून रिकामे उभे. विचारले तर म्हणाले, आम्हांला कोणी बोलावलेच नाही. त्यांनाही लावले. संध्याकाळी मजुरी वाटताना मालकाने उलटी सुरुवात केली. जे शेवटी आले त्यांना आधी बोलावले आणि पुरता रोज दिला. पहाटेच्या मजुरांना वाटले, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही तेवढाच मिळाला. ते कुरकुरले, की आम्ही दिवसभर उन्हात खपलो आणि हे तासाभराचे गडी आमच्या बरोबरीचे? मालकाचे म्हणणे असे, की ठरलेला रोज तुम्हांला दिला, अन्याय कोणता केला? माझे मी कोणाला द्यावे हे माझ्याकडे आहे. मी उदार झालो ह्याचे तुम्हांला का खुपते?

निंदणाला आमच्याकडे रोजाने माणसे लावतात. असा एखादा मालक निघाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वावरात कोणी जाणार नाही, सगळे संध्याकाळी पाच वाजता जातील. आणि कापूस वेचणीला तर रोजही नाही, काटा. जेवढे किलो वेचले तेवढे पैसे. काट्यावर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट विपरीत वाटल्यावाचून राहणार नाही. मी तसे बोललो. सिस्टरबाई म्हणाल्या, "मलाही लई वर्षं ही गोष्ट पटत नव्हती. मी पहाटेची मजूर ना. रात्रपाळ्या केल्या, कोणाची नको ती घाण काढली. पाळकसाहेब देवळात ही गोष्ट वाचायचे तेव्हा बाकीच्यांना गोड वाटायची आणि मला राग यायचा."

ख्रिस्ती लोकांच्या ह्या मताचा मी पुढे थोडा शोध घेतला. आपल्या मासिकात परधर्माची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण शंका आपल्या मंडपातली आहे, आणि तिच्यावर दुसऱ्या एका घरात दोन हजार वर्षे भांडण झालेले आहे. शेजाऱ्याच्या घरातल्या भांडणातून पुष्कळ शिकता येते.

त्यांच्या मराठीत मोक्षाला 'तारण' म्हणतात. मत असे की माणूस पापाच्या कर्जात जन्मतो आणि हे कर्ज त्याच्या कोणत्याही पुण्याने फिटणारे नाही. ते देवाने स्वतः, येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणात फेडले. माणसाने विश्वासाने ते घ्यावे एवढेच. सत्कर्मे करायची, पण ती तारणाची किंमत म्हणून नव्हेत, तर तारण मिळाल्याचे फळ म्हणून. हे सर्वांत जोराने मांडले पौलाने, आणि पौल हा आधी ख्रिस्ती मंडळींचा छळ करणारा. त्याला कृपा भेटली ती पूजेला बसला असता नव्हे, तर दिमिष्काच्या रस्त्यावर, माणसे पकडायला निघाला असता. उलट याकोबाचे जे पत्र त्यांच्याच ग्रंथात आहे ते बजावते की कर्मावाचूनचा विश्वास मेलेला आहे. म्हणजे भांडण ग्रंथापासूनच सुरू.

पाचव्या शतकात पेलागियस नावाचा एक तपस्वी म्हणाला की देवाने आज्ञा दिल्या त्या पाळता येण्याजोग्या आहेत म्हणूनच दिल्या, माणसाने मनावर घ्यावे. ऑगस्टिनने उत्तर दिले की मनावर घेण्याची बुद्धीसुद्धा देवानेच द्यावी लागते. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत बाजूला सारले. पुढे १५१७ साली मार्टिन ल्यूथर पापमोचनाच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध उठला आणि त्याने कृपा व विश्वास ह्यांच्यावरच सारा भार दिला. त्यावर रोमच्या पक्षाने १५४७ साली ट्रेंटच्या सभेत ठरवले की आरंभ कृपेचा खरा, पण माणसाने तिला साथ द्यावी लागते. ह्या एका शब्दावरून युरोप दुभंगला. दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी पुष्कळ अंशी एकमत झाल्याच्या पत्रकावर सह्या केल्या त्या १९९९ साली, ऑग्सबर्ग येथे. आमच्या यवतमाळात १९५३ ते १९८३ ह्या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. तिथे ही मते शिकवीत असतील तेव्हा आम्ही शेजारी राहून कधी विचारपूस केली नाही, ही आमचीच उणीव.

हे भांडण आपल्याकडेही झालेले आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेंकलै असे दोन पक्ष ह्यावरूनच पडले. एक म्हणतो, वानरीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तसे जीवाने धरावे. दुसरा म्हणतो, मांजरीच्या पिलाला काहीच करावे लागत नाही, आईच तोंडात धरून नेते. आपल्या संप्रदायाने ह्या दोन्ही पिलांना एकाच अंगणात सोडले आहे. नेम सोडू नये असेही सांगितले, आणि आपल्या नेमाने काही होत नाही असेही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला तो स्वप्नात. त्या स्वप्नासाठी त्यांनी कोणता अर्ज केला होता?

आता म्हाताऱ्याच्या शंकेकडे येतो. तिला आपल्यात एक तयार उत्तर आहे, आणि कबूल करतो, की सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मी तेच दिले. म्हणालो, "बाबा, त्याचं मागच्या जन्मीचं पुण्य असेल. ह्या जन्मात आडवं आलं होतं ते सरलं आणि ते वर आलं." म्हाताऱ्याचे समाधान झाले. माझेही तेव्हा झाले. परंतु सिस्टरबाईंची गोष्ट ऐकल्यानंतर माझ्या ध्यानात आले की मी त्या मालकाचे औदार्यच मोडीत काढले होते. मागच्या जन्मीचे पुण्य होते म्हटले की हिशेब जुळतो. मग तो संध्याकाळचा मजूर राहतच नाही. तो कालच येऊन काम करून गेलेला, त्याची मजुरी तेवढी आज मिळाली. ह्यात देवाने दिले काय? थकलेला रोज चुकता केला. काटा होता तो मी देवळाबाहेर काढला नाही, जुन्या जन्मांच्या मागे लपवून ठेवला.

कर्माचा सिद्धान्त खोटा असे मी म्हणत नाही. माझी ती योग्यता नाही आणि तसे माझे मतही नाही. मी म्हणतो ते एवढेच, की कृपा समोर घडताना दिसली आणि आपण घाईघाईने तिच्या मागे पुण्याचा दाखला जोडू लागलो, तर तो सिद्धान्ताचा आदर नसतो. आपल्याला सहन होत नसते म्हणून आपण तसे करतो.

हे मला इतके नेमके कसे कळले? आता लपवून उपयोग नाही. तो रात्री बारा ते एकचा वीणेकरी माझा धाकटा भाऊ. वाट्याचे नव्हते ते जे वावर त्याने अडकवले, ते माझ्या वाट्याचे. आई गेली त्या दिवशी तो कुठल्या गुत्त्यात होता हे शोधायला माणसे पाठवावी लागली, आणि अग्नी द्यायच्या वेळी तो आला नाही. म्हाताऱ्याने मला बाजूला घेतले तेव्हा मीही दाराबाहेरच उभा होतो. एक वाजायची वाट पाहत होतो. पहारा बदलला की आत जाऊ, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी पाया पडता येईल, असा माझा बेत. त्या रात्री म्हातारा वाकला, मी वाकलो नाही. आणि दहा मिनिटांपूर्वी अजामिळ मी सांगितला होता.

पंडिता रमाबाईंचे चरित्र मी ह्याच सुमारास पुन्हा वाचले. धर्मांतरामुळे आपल्या लोकांनी त्यांच्यावर राग धरला, १८९३ च्या सुमारास शारदा सदनावरून पुण्यात मोठे वादळ झाले. तो वाद आज इथे नको. मला दुसरेच पाहायचे आहे. रमाबाईंएवढी साधने फार थोड्यांनी केली असतील. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक, सारे घर तीर्थातीर्थाला पायी फिरणारे, भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच मुखोद्गत. दुष्काळात ह्या कुटुंबाने उपवास केले, स्नाने केली, जवळचे दान करून टाकले, पारायणे केली, आणि आईबाप व बहीण उपासमारीने गेली. भाऊ आणि रमाबाई पायी चालत पुढे कलकत्त्याला पोहोचली. १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीएक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एक जुने साधन सोडून त्यांनी नवे साधन धरले होते इतकेच. पुढे १८९१ च्या आसपास हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ आपलेच प्रवचन ऐकून पालटला होता! (आम्हां कीर्तनकारांवर असा प्रसंग क्वचितच येतो.) त्या विचारातून रमाबाईंना उमगले की तारण कमवायचे नसते, मिळालेले घ्यायचे असते.

आणि मग त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. कृपा फुकट मिळते म्हणून हात जोडून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो भुकेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभे केले. ज्या स्त्रियांना समाज 'पतित' म्हणून दार लावून घेत असे त्यांच्यासाठी तिथे वेगळे घर बांधले, आणि त्या घराचे नाव ठेवले कृपा सदन. ज्या बाईने लहानपणापासून एवढा हिशेब फेडला, तिने आपल्या दाराशी कोणाचा हिशेब विचारला नाही. १९२२ साली त्या गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी मरणापूर्वी पुरे केले होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबलेली मजूरच ती, पण मोबदला म्हणून नव्हे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबा हाच आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल झाला असे ते सांगत. आपल्या कीर्तनकारांना हे कधी अभिमानाचे वाटते, कधी खटकते. मला वाटते पुलावरून माणसे दोन्ही बाजूंना जातात येतात, त्यात पुलाला कमीपणा नाही. मात्र दोन्ही काठ एकच आहेत असेही म्हणू नये. त्यांच्याकडे जन्म एक, आणि तारणारा एक, तोही इतिहासात एकदाच आलेला. आपल्याकडे तो अठ्ठावीस युगे विटेवर उभाच आहे, कोणी उशिरा आला तर थांबेल. त्यांच्या मतात घाई आहे, आपल्यात वाट पाहणे आहे. हा फरक गोड बोलून पुसण्यात अर्थ नाही.

राहिली एक शंका, आणि ती लहान नाही. कृपा अशी मोकळी असेल तर मग खुशाल पाप करावे, अखेरीस माळ घालावी, असे कोणी म्हणेल. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हीच शंका स्वतः काढून तिचा धिक्कार केला आहे. आपल्याकडेही नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांपैकी एक सांगितला आहे. शिवाय देवाने क्षमा केली म्हणून माझे वावर परत येते काय? देवाचे देणे देवाने सोडले, ते त्याचे आहे. माझे देणे त्याने कसे सोडले? ह्यावर मी पुष्कळ दिवस अडून होतो. सिस्टरबाईंनी मला लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय दाखवला. हा जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, लोक कुरकुरले. आणि मग जक्कय उठून म्हणाला, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. मी सिस्टरबाईंना म्हटले, "बघा, परत तर केलेच ना!" त्या म्हणाल्या, "केले महाराज. पण पाहुणा आधी आला, परतफेड नंतर. परतफेड पाहून पाहुणा आला असता तर तो कधी आलाच नसता."

माझ्या भावाकडे चौपट सोडा, एकपटही नाही. कुडाची एक खोली आहे. तो माझ्याशी त्या वावराविषयी बोलत नाही, मीही काढत नाही. सप्ताहानंतरच्या एकादशीला भजन संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडत होते, त्यात आमचीही गाठ पडली. तो आधी वाकला. मग मी वाकलो. उठताना त्याने माझा दंड धरला, कारण माझेही गुडघे आता तसेच झालेत. बोलणे काही झाले नाही.

पुढे वेचणी लागली. एके सकाळी मजुरांबरोबर तो आपण होऊन माझ्या उरलेल्या वावरात आला आणि ओळीला लागला. दिवसभर वेचला. संध्याकाळी काटा लावला, मी वही घेऊन बसलो, एकेकीचे गाठोडे चढत होते, आकडे लिहिले जात होते. त्याची पाळी आली तेव्हा त्याने आपले गाठोडे काट्यावर न ठेवता सरळ ढिगावर मोकळे केले आणि हातपाय धुवायला गेला. मी त्याच्या नावापुढची जागा तशीच कोरी ठेवली. रात्री हिशेब पाहताना बायकोने विचारले, भाऊजींचे किती किलो भरले? मी म्हटले, मोजायचे राहून गेले.